रात्रभराच्या संगीत नाटकात बोधीचा प्रवेश पहाटेच कसा आणायचा? (तीन अंकी, झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भ)

वैनगंगाकाठ:
जयभीम, नमो बुद्धाय.

धान घरी आल्यावर, जानेवारीत गावात नवं तीन अंकी संगीत नाटक उभं करायचं आहे. विषय असा की आजच्या माणसाला बोधी, म्हणजे बुद्धाला झाली तशी जागृती, होते म्हणजे नेमकं काय होतं. नायक नहराच्या (कालव्याच्या) शेवटच्या टोकावरचा धानशेतकरी. पहिल्या अंकात पाण्यावरून वरच्या गावाशी भांडण पेटतं. दुसऱ्यात बचत गटाचा हप्ता, बहिणीचं लेकरू जातं, आणि हातातला मोबाइल खाली ठेवला तरी मन खाली बसत नाही अशी तगमग. तिसऱ्यात तो पिंपळाखाली रात्र काढतो आणि उजाडताना उठतो. सिद्धार्थाची कथा वेगळी दाखवणार नाही, ती या माणसातच मुरवायची आहे. बुद्धाचं सोंग कोणीही घेणार नाही, हे आधीच ठरलं आहे.

गाणी ११, वाद्यं पेटी-ऑर्गन, तबला-ढोलक आणि ऑक्टोपॅड. संहिता जवळपास तयार आहे. अडलंय ते पुढच्या गोष्टींवर. बोधीचा क्षण खऱ्या पहाटेला यावा असं सगळ्यांना वाटतं, पण वेळेचं गणित बसत नाही. पाली गाथा चालीत बसवली की तिचं भजन तरी होतं नाहीतर डीजेचं गाणं. आणि ध्यानाच्या प्रवेशात दोन हजार माणसांपुढे शांतता कशी टिकवायची? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी नेमकं सांगावं.

पालीवाचक:
विषय फार मोलाचा आहे. संहिता कुलूपबंद करण्याआधी कथेतले काही सांधे तपासा.

नहराचं भांडण हा तुमचा सगळ्यात भक्कम धागा आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसल्यामुळे गृहत्याग झाला ही गोष्ट नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण पाहिलंच नव्हतं, हे पटण्यासारखं नाही, हा त्यांचा आक्षेप. त्याजागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा ठेवला. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून परिव्रज्या घेतो, म्हणजे घर सोडून संन्यासी होतो. तुमच्या नायकानेही पहिल्या अंकाच्या शेवटी गावसभेत एकट्याने ‘मारामारीला माझा हात वर नाही’ म्हटलं पाहिजे. नुसता खिन्न होऊन निघून गेला तर अंक मोडेल. आणि घर सोडताना बायको झोपलेली नको. बाबासाहेबांच्या मांडणीत यशोधरा जागी आहे, तिच्याशी बोलणं होतं आणि ती निर्णयाला साथ देते. हे दृश्य दोन मिनिटांचं असलं तरी पुरतं, पण ते हवंच.

आता रात्र. पाली परंपरेत बोधीची रात्र तीन यामांची, म्हणजे तीन भागांची. पहिल्या यामात स्वतःच्या मागच्या जन्मांचं स्मरण, मधल्यात प्राण्यांचं मरणं-उपजणं दिसणं, शेवटच्यात आस्रवांचा, म्हणजे मनातल्या मळांचा, क्षय. पहिली दोन ज्ञानं पुनर्जन्माशी जोडलेली असल्याने आपल्याकडे त्यावर वाद होणारच. नाटकात ती अशी घ्या: पहिल्यात नायकाला स्वतःची मागची साखळी दिसते, आज्याची जमीन, बापाचं कर्ज, आपला राग कुठून आला ते. दुसऱ्यात दुसऱ्यांचं जगणं दिसतं, वरच्या गावचा शेतकरीही आपल्यासारखाच किस्तीत अडकलेला. तिसऱ्यात या सगळ्याला धरून ठेवणारी स्वतःचीच तृष्णा. यात चमत्कार एकही नाही आणि मूळ क्रमही सुटत नाही. बाबासाहेबांच्या मांडणीत ध्यान चार आठवडे चालतं, एका रात्रीचं नाही. म्हणून नायक आधीही त्या झाडाखाली येऊन बसतो, हे पहिल्या दोन अंकांत प्रत्येकी एकदा दाखवून ठेवा.

मुचलिंद नाग (पावसात बुद्धावर फणा धरणारा नागराजा) घेणार असाल तर तो बोधीनंतर येतो, आधी नाही. नाटकात हा क्रम हमखास चुकतो.

कनातवाला:
वेळेचं गणित बसत नाही त्याचं खरं कारण ध्वनिक्षेपकाचा नियम आहे, तो आधी नीट समजून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. वाद्यंही नाहीत. सभागृहासारखी बंदिस्त जागा असेल तरच चालतं. १० ते १२ची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मिळते आणि ते दिवस जाहीर झालेले असतात. तुमची तारीख त्यात आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, गृहीत धरू नका. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस ठाण्याच्या अर्जासोबत ते जोडायचं असतं, त्यामुळे संहिता ‘जवळपास तयार’ असून भागणार नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर गाण्याचे शब्द बदलले तर पुन्हा कळवावं लागतं.

मग पहाट कशी गाठायची? जानेवारीत आपल्या भागात सूर्य पावणेसातच्या आसपास निघतो, फटफटायला लागतं सव्वासहापासून. आणि माइक ६ला कायदेशीर होतो. म्हणजे तुम्हाला हवा तो क्षण नियमाच्या आतच पडतो.

पहिला अंक साडेसहा ते आठ, दुसरा आठ-वीस ते नऊ-पन्नास. १०च्या आत पडदा. तिसरा अंक सकाळी सव्वापाच ते सातच्या आत. त्यातले ६च्या आधीचे ४५ मिनिटं माइक नाही, वाद्य नाही, फक्त माणसाचा आवाज. ६ला ऑर्गन आणि माइक उघडा, सहा-वीसला बोधी. रात्रभर माइक चालवून पहाटे थकलेल्या नटांकडून शेवटचा अंक ओढून घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. नाटकाला आलेले पाहुणे गावात मुक्कामालाच असतात, लेकी-जावई, सोयरे. त्यांना उठवायला त्रास नाही. तिकिटाचे दोन भाग छापा, दुसरा भाग पहाटेचा.

वैनगंगाकाठ:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग १० ते ५ मंचावर काय? मोकळा मंडप सोडला तर सकाळी लोक परत येतील का?

आणि सव्वापाचला माइकशिवाय दोन हजार लोकांपर्यंत आवाज कसा जाईल?

कनातवाला:
दोन हजारांपर्यंत जात नाही. पहाटे अडीचशे-तीनशे येतील असं धरा आणि जागा बदला. विहाराजवळ खरा पिंपळ असेल तर तिसरा अंक तिथे करा. नट विहाराच्या पक्क्या भिंतीला पाठ करून, भिंतीपासून तीन-चार फुटांवर उभे. भिंत आवाज पुढे फेकते, कनात तो खाऊन टाकते. प्रेक्षक अर्धवर्तुळात, शेवटची रांग ४० फुटांच्या आत. सतरंज्या टाका, खुर्च्या नको, खुर्च्या सरकवण्याचा आवाज शांततेत फार लागतो. नटांनी ओरडू नये, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळू नये, बस्स.

१० ते ५ मंचावर एक दिवा जळत ठेवा. नटाला रात्रभर बसवायचा विचार कोणी केला तर मोडून काढा, त्या थंडीत सकाळी गळा निघणार नाही. दिव्यापाशी आळीपाळीने दोघं, तेल घालायला आणि सामान राखायला. मधला याम असाच रिकामा जाऊ द्या. दिवा जळतोय एवढं गावाला माहीत असलं की लोक येतात.

पेटीमास्तर:
चालीबद्दल. गाथेचं भजन होतं त्याचं कारण आपण तिला थेट केहरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) ठोक्यात कोंबतो आणि लघु-गुरू मारून टाकतो. गाथेला स्वतःचं वजन आहे. धम्मपदातली (बुद्धवचनांच्या गाथासंग्रहातली) पाचवी गाथा घ्या, पाण्याच्या भांडणाला तीच हवी:

न हि वेरेन वेरानि, सम्मन्तीध कुदाचनं
अवेरेन च सम्मन्ति, एस धम्मो सनन्तनो

लघुला एक, गुरूला दोन मोजा, चरणाचं शेवटचं अक्षर लांबवा. प्रत्येक चरण १३ मात्रांचा भरतो. उरलेल्या ३ मात्रा श्वास. झाले १६, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन किंवा केहरव्याची दोन. त्या ३ मात्रांत तबल्याने काही वाजवायचं नाही, नुसता धरलेला ‘सा’. भजन होतं ते ही रिकामी जागा भरल्यामुळेच. लय संथ, मिनिटाला साधारण ७० मात्रा.

शेवटी जी गाथा हवी ती १५३वी, अनेकजातिसंसारं. बोधीनंतरचे उद्गार म्हणून परंपरा जे मानते तेच हे. तिच्यात घर बांधणाऱ्याचा शोध आहे, आणि लगेच पुढची १५४वी त्याला उद्देशून आहे: घरकर्त्या, तू दिसलास, आता पुन्हा घर बांधणार नाहीस. तुमच्या नायकाच्या घरकुलाचा हप्ता अडकलेला असेल तर प्रेक्षकाला अर्थ सांगावा लागणार नाही. पण इथे सगळे चरण १३चे नाहीत. ‘सन्धाविस्सं अनिब्बिसं’ १४ मात्रांचा, आणि ‘गहकारकं गवेसन्तो’ला तर अक्षरंच नऊ आहेत. त्या दोन ठिकाणी श्वास २ मात्रांचा करा. कोरसला हे अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजून शिकवा, तोंडी सांगून बसत नाही.

रागाबद्दल एक आग्रहाचं सांगतो. पहाट म्हटली की सगळे भैरवाकडे धावतात. गावच्या कोरसला भैरवाचा कोमल रिषभ बिनवाद्याने टिकत नाही, दहाव्या ओळीला तो शुद्धाकडे चढलेला असतो. त्यापेक्षा पहिल्या अंकातलं नायकाचं मुख्य गाणं भूपात बांधा. सा रे ग प ध, पाचही शुद्ध, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, म्हणजे तुमच्या वेळेलाही तोच. तेच गाणं पहाटे देशकारात आणा. स्वर तेच पाच, पण भूपात जोर गंधारावर असतो, देशकारात तो धैवतावर जातो आणि चाल वरच्या अंगाने फिरते. माणूस तोच, गाव तेच, स्वर तेच, वजन कुठे पडतं ते बदललं. बोधी याहून वेगळी काय दाखवणार?

पट्टी: पुरुष काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी), स्त्री काळी ३ किंवा ४ धरून बसवा. युगुलगीतात दोघांना एकाच पट्टीत ओढू नका. पुरुषाचा ‘सा’ काळी १ असेल तर तिचा ‘सा’ काळी ३वर, म्हणजे त्याच्या मध्यमावर घ्या. ऑर्गनवाल्याला ते सगळ्यात सोपं जातं.

पालीवाचक:
मास्तर, देशकाराची कल्पना फार आवडली. फक्त त्रिशरण-पंचशील नाटकाच्या मध्ये कुठेही चालीत घेऊ नका.

पेटीमास्तर:
बरोबर. आणि ६ला ऑर्गन सुरू होताना एक मोठा धोका आहे. ४५ मिनिटं बिनवाद्याने गायल्यावर कोरसचा स्वर हळूहळू खाली बसतो, कधीकधी अर्धा स्वर. त्यावर ऑर्गन काळी १ दाबला की सगळ्यांच्या अंगावर काटा येतो, वाईट अर्थाने. उपाय: कोरसच्या म्होरक्याच्या एका कानात इयरफोन, फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप चालू. बाकीचे त्याला धरतात. तरीही ऑर्गन घेण्याआधी २० सेकंदांची पूर्ण शांतता ठेवा. तेवढ्यात कान जुना स्वर सोडतो.

तबला पहाटेच्या दवात उतरतो. गवसणीत गुंडाळून विहाराच्या आत ठेवा, पावणेसहाला काढून १० मिनिटं ६० वॅटच्या पिवळ्या बल्बपासून हातभर अंतरावर धरा, मग हातोडी. फार जवळ धरलात तर पुडी एकदम चढते आणि पहिल्याच गाण्यात पुन्हा उतरते.

प्रॉम्प्टर:
त्रिशरणाचं जे सांगितलं त्याचं कारणही लिहून ठेवतो, नव्या दिग्दर्शकांना कळत नाही. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ सुरू झालं की आपला प्रेक्षक हात जोडून उभा राहतो आणि सोबत म्हणतो. ती त्याची वंदना आहे, नाटक नाही. प्रवेशाच्या मध्ये हे झालं की कथेचा दोर तुटतो आणि पुन्हा बसायला पाच मिनिटं जातात. सुरुवातीला पडद्याबाहेर घ्या, नट-वादक-प्रेक्षक सगळ्यांनी मिळून. नाटकात गाथा घ्यायच्या त्या धम्मपदातल्या.

बक्षिसं. झाडीपट्टीत गाण्यावर बक्षीस लागतं आणि माइकवरून नाव पुकारलं जातं. ही प्रथा बंद करायला जाऊ नका, गाव दुखावतं. पण पुकारा फक्त अंक संपल्यावर, हे उद्‌घाटनाच्या भाषणातच सांगा आणि बक्षीस घेणारा माणूस मंचाच्या पायरीशी नेमा. तो जागेवर नसेल तर लेकराच्या मरणाच्या प्रवेशात कोणीतरी नोट घेऊन मंचावर चढेल. ‘वन्स मोअर’ पहिल्या अंकात दोनदा द्या, दुसऱ्यात एकदा, नंतर नाही.

भाषा पुणेरी नको. गाव झाडीतलं असेल तर झाडीबोली, आणि ती नीट. वऱ्हाडात डोळ्याचा ‘डोया’ होतो, झाडीत ‘डोरा’. ‘पाणी’चं ‘पानी’ दोन्हीकडे. बाहेरून आलेला नट वऱ्हाडी बोलून झाडीची हौस भागवतो आणि प्रेक्षकाला ते पहिल्या वाक्यात कळतं. गाथा पालीत, निवेदन साध्या मराठीत, माणसांचं बोलणं झाडीत, असे तीन थर ठेवा. तालमी कमी मिळतात, म्हणून संहिता प्रॉम्प्टरला मोठ्या अक्षरात, गाण्यांची सुरुवात लाल शाईत. तिसऱ्या अंकात विहाराजवळ प्रॉम्प्टरला लपायला जागा नसते आणि माइक नसल्याने त्याची कुजबुज पहिल्या तीन रांगांना ऐकू जाते. तेवढा अंक नटांनी पाठच करायचा. त्या ४५ मिनिटांत ४० वाक्यांपेक्षा जास्त संवाद ठेवूच नका.

रोवणी:
दुसऱ्या अंकाबद्दल दोन गोष्टी, एक आक्षेपाची.

आपल्याकडे मार (बोधीच्या आड येणारा, मोह पाडणारा) आला की तण्हा, अरति, रगा (तृष्णा, अरुची, आसक्ती) या त्याच्या तीन पोरींना घागरा घालून नाचवतात, म्हणजे लावणीची जागाही भरते. या नाटकात तसं करू नका. सुत्तनिपातातल्या पधान सुत्तात माराची फौज मोजून दिलेली आहे: काम, अरति, भूक-तहान, तृष्णा, आळस-सुस्ती, भय, शंका, मग दुसऱ्याला तुच्छ लेखणं आणि ताठा, पुढे लाभ-कीर्तीचा हव्यास. ही सगळी नायकाच्या आतली आहेत. आठ जणांचा कोरस करा, बाया-माणसं दोन्ही, रोजच्याच कपड्यात. एकाच्या हाती हप्त्याची वही, एकाच्या हाती फोन, एक नुसती जांभई देत फिरणारी. नाच हवाच, प्रेक्षक त्यासाठीही येतो. तो या आठांचा दंडारीच्या (झाडीतल्या लोकनाट्याच्या) ठेक्यावर होऊ द्या.

फोनचं गाणं बारा निदानांतल्या, म्हणजे दुःख कसं उपजतं त्या बारा कड्यांच्या साखळीतल्या, पाच कड्यांवर बसतं: फस्स, वेदना, तण्हा, उपादान, भव. स्पर्श, गोड वाटणं, आणखी हवं, धरून ठेवणं, तसंच होऊन जाणं. प्रत्येक कडीला एक पायरी वर चढत न्या. बाराही घेतल्या तर गाणं पाठांतर स्पर्धेसारखं होतं. तिसऱ्या अंकात हाच क्रम उलटा, वरून खाली, बिनवाद्याने.

आता किसा गोतमी, लेकरू गेल्यावर कोणीच न मेलेल्या घरची मोहरी शोधत फिरलेली बुद्धकथेतली आई. बहिणीचं लेकरू जातं तिथे मोहरीच घ्या, धान किंवा लाखोळी घेऊ नका. मोहरीचा आवाजच वेगळा. ती सात दारं फिरते. प्रत्येक दारात मूठभर मोहरी थाळीत पडते, ‘तुमच्या घरी कोणी मेलं नाही ना?’ हा प्रश्न होतो, आणि मोहरी परत ओतली जाते. थाळी काशाची, काठाला बोटं न लावता तळहातावर धरलेली, म्हणजे नाद दबत नाही. मोहरी दर वेळी ५० ग्रॅमच्या आत, वीतभर उंचीवरून. स्टीलच्या ताटात ती खडखडते, काशात पाऊस लागल्यासारखी वाजते. कॉलर माइक तिच्या पदराला नाही, थाळीखालच्या मनगटाला, फोम लावून. सातव्या दाराआधी वळताना तिने थाळीत ओला फडका अंथरायचा, प्रेक्षकाला दिसणार नाही असा. सातव्या घरची मोहरी पडते आणि आवाजच येत नाही. तिथे गाणं नको, रडणं नको.

एक दक्षता: सांडलेली मोहरी मंचावर गोट्यांसारखी फिरते. लगेच पुढे आठ जणांचा नाच आहे, कोणाचा तरी पाय मोडेल. हा प्रवेश ६ फूट बाय ६ फुटांच्या चादरीवर करा आणि शेजारणींनी चादर चारी कोपऱ्यांनी उचलून प्रेतासारखी बाहेर न्यायची. सफाई झाली आणि दृश्यही झालं.

वैनगंगाकाठ:
रोवणीताई, माराचा प्रवेश आजच बदलतो. पोरी नाचवायच्याच होत्या, हे कबूल. पण ओल्या फडक्यावर मोहरी चिकटेल ना? पुढच्या प्रयोगाला तीच वापरायची असेल तर?

रोवणी:
घट्ट पिळलेला फडका, नुसता दमट. कोरडा फडका फुगतो आणि लांबून दिसतो, म्हणून दमट. मोहरी दर प्रयोगाला नवी, पाव किलो पुरते. भिजलेली पुन्हा काशावर वाजत नाही.

दिवाबत्ती:
झाडाबद्दल कोणी लिहिलं नाही. पहिल्या दोन अंकांसाठी मंचावर पिंपळ लागणार. खरी फांदी तोडून लावू नका. लोकांना रुचत नाही ते आहेच, शिवाय हॅलोजनखाली पानं तासाभरात मान टाकतात. बुंधा ज्यूटच्या पोत्यांचा, आत बांबू. पानं हिरव्या-पिवळ्या सॅटीनची, अडीचशे तरी, प्रत्येकाला लांब शेपटी कापलेली. आणि पान फांदीला थेट चिकटवायचं नाही. पिंपळाचा देठ लांब नि लवचिक असतो म्हणून वारा नसतानाही पान हलतं. तीन इंची बारीक तारेवर एकेक पान लटकवा, विंगेत टेबल फॅन सगळ्यात हळू. प्रेक्षकाला पिंपळ ओळखू येतो तो या थरथरीने.

उजेड: पहिल्या अंकात पिवळा, भांडणात लाल ओतू नका, तो सगळेच ओततात. नहराच्या प्रवेशात बाजूने एकच पांढरा, त्याने घाम दिसतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी फक्त फोनच्या पडद्याचा उजेड नायकाच्या तोंडावर. लांबून तो पुरत नाही, म्हणून फोनच्या पाठीशी बॅटरीवरची छोटी निळसर एलईडी पट्टी लावा.

तिसऱ्या अंकाला मी दिवे देणार नाही. पाच पणत्या, त्या एकेक विझवत न्या आणि आकाशाला त्याचं काम करू द्या. पहाटेचा तारा दाखवायचा मोह होईल. शुक्र काही महिने पहाटे असतो, काही महिने संध्याकाळी. पंचांगात पाहा. पहाटे नसेल तर संवादातून तो काढा, खोटा बल्ब टांगू नका.

जनरेटर १५ केव्हीए पुरे, मंडपापासून दीडशे फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. दिव्यांचा आणि साउंडचा फेज वेगळा, नाहीतर डिमर फिरवला की स्पीकर घुरघुरतो. अर्थिंग स्वतंत्र गाडा, खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी. गावात आकडा टाकू नका, महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते.

प्रॉम्प्टर:
दिवाबत्ती भाऊ, संध्याकाळी खोटं झाड आणि पहाटे खरं, हे प्रेक्षकाला खटकणार नाही का?

दिवाबत्ती:
खटकेलच. त्यासाठीच तर तिसरा अंक बाहेर नेतो आहे.

कनातवाला:
शांततेचा प्रश्न राहिला. दोन हजारांत शांतता मागून मिळत नाही, ती आधीच्या आवाजाने तयार करावी लागते. दुसऱ्या अंकात नायक झाडाखाली येतो त्याच्या लगेच आधी आठ जणांचा नाच ऑक्टोपॅडसह पूर्ण जोरात, मग एका फटक्यात सगळं बंद. लटकत्या माइकचा आवाज मात्र बंद करू नका, मास्टर तसाच ठेवा, म्हणजे मंचावरचा नायकाचा श्वास आणि पानांची सळसळ कर्ण्यातून जाते. पूर्ण मुका स्पीकर झाला की लोकांना वाटतं लाइट गेली आणि शिट्ट्या सुरू होतात. ४० सेकंद धरा. पहिल्या प्रयोगात २५च धरवतील, हरकत नाही. माइक चार, मंचाच्या कडेपासून दोन फूट आत, नटाच्या डोक्यावर तीन फूट, आणि बॉक्स माइकच्या रेषेच्या पुढे. मागे सरकले तर त्या ४० सेकंदांत शिट्टी मारतील.

१०ला मिक्सर झाकून ठेवू नका, उचलून आत न्या. ताडपत्रीखाली दव जमतं आणि सकाळी फेडर खरखरतात. पहाटेसाठी बॅटरीवरचे दोन छोटे बॉक्स वेगळे आणा.

पालीवाचक:
मुचलिंदाचं राहिलं होतं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०च्या उत्खननात स्तूप सापडला, त्यात पाच फण्यांच्या नागाचं शिल्प आहे आणि त्यावर मुचलिंदाचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे हा नाग तुमच्या वैनगंगेच्याच काठचा. बाबासाहेबांनीही १९५६च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा धम्माशी असलेला संबंध सांगितला होता. बोधीनंतर पाऊस येतो आणि मुचलिंद फणा धरतो, हे शेवटच्या पाच मिनिटांत घेता येईल. कागदी फणा मात्र नको.

रोवणी:
कागदी कशाला? पाच बाया, रोवणीत डोक्यावर घेतात त्या मेणकापडाच्या खोळा घेऊन. नायक उठायला लागतो, पहिलं पाणी फवारलं जातं, पाचजणी मागून येऊन खोळा एकात एक सरकवून त्याच्यावर धरतात. मधली सगळ्यात उंच, दोघी-दोघी बाजूंनी उतरत्या. पवनीचा नाग तसाच दिसतो. त्यातल्या दोघी वरच्या गावच्या असू द्या.

पेटीमास्तर:
मेणकापड फार चुरचुरतं, आणि तिथेच माझी १५३वी गाथा आहे. माइक ६ला उघडलेले असतील.

रोवणी:
नव्या खोळा चुरचुरतात, मास्तर. एका हंगामात वापरलेल्या घ्या, मऊ पडलेल्या असतात, आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा. तरी आवाज आलाच तर गाथेच्या त्या ३ मात्रांच्या श्वासातच खोळा सरकवायच्या. पाच खोळा, चार चरण. पहिली खोळ गाथा सुरू होण्याआधी, उरलेल्या चार एकेका चरणामागे.

पेटीमास्तर:
दोन चरणांमागे श्वास २च मात्रांचा आहे हे त्यांना सांगून ठेवा. दुसरा आणि तिसरा चरण. तिथे बाजूच्या खोळा ठेवा, मधली उंच खोळ शेवटी, ‘पुनप्पुनं’ नंतर.